शारदाच्या दोन्ही किडन्या

क्रिएटिनिन अकरा पॉइंट चार.

डॉक्टर मंजिरींनी आकडा मोठ्याने वाचला नाही. रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि समोर बसलेल्या शारदाला म्हणाल्या, "जरा बाहेर सावलीत बस हं. तुझा नवरा ड्युटीवर असेल ना? त्याला बोलावून घे."

शारदा उठली. दवाखान्याच्या गाडीच्या तीन लोखंडी पायऱ्या उतरताना ती दोनदा थांबली. मी कागद वाचला.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ. किडन्या तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. धडधाकट बाईच्या रक्तात तो एकच्या आतबाहेर असतो. माझ्या मिस्टरांना पहिल्यांदा डायलिसिसला घेतलं तेव्हा त्यांचं क्रिएटिनिन आठ होतं आणि त्यांना व्हीलचेअरवरून न्यावं लागलं होतं. ही बाई सकाळपासून चार घरची धुणीभांडी करून, अंघोळ करून, केसांना तेल लावून आली होती. वय एकोणतीस.

"दोन्ही गेल्या असणार," डॉक्टर मंजिरी हळू आवाजात म्हणाल्या. "सोनोग्राफी करून घेऊ. पण सुनंदाताई, फार आशा धरू नका."

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. शेवट चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना आज धीर हवा आहे त्यांनी हे नंतर कधीतरी वाचावं. पण यातल्या एकदोन गोष्टी वेळेवर कळल्या तर कुणाच्या तरी उपयोगी पडतील, म्हणून लिहिते.

मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहते. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झाले. मिस्टर पाच वर्षं डायलिसिसवर होते. त्यांच्या कंपनीचा मेडिक्लेम होता, त्यामुळे मशीन मिळेल का, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. आमच्या काळज्या वेगळ्या होत्या. आज वजन किती वाढलं, पायाला सूज आहे का, पोटॅशियम किती आलं. ते गेल्यानंतर आठवड्यातले डायलिसिसचे ते तीन वार मला खायला उठायचे. एक वर्ष असंच बसून काढल्यावर एका मैत्रिणीने मला या फिरत्या दवाखान्याबद्दल सांगितलं.

एका संस्थेची पांढरी मिनीबस आहे. आत तपासायची खाट, बीपीचं मशीन, साखर बघायची सोय, औषधांचं कपाट. रक्त घेऊन लॅबला पाठवतात. डॉक्टर मंजिरी, एक सिस्टर, ड्रायव्हर आणि मी एवढीच माणसं. माझं काम केसपेपर लिहायचं. सोमवारी गाडी घोडबंदर रोडच्या बांधकामांवर जाते, गुरुवारी डोंबिवलीला, अधूनमधून आंबिवलीकडच्या वीटभट्ट्यांवर. येणारे सगळे बाहेरून आलेले. कुणी झारखंडचं, कुणी ओडिशाचं, कुणी नेपाळचं. इथलं रेशनकार्ड नाही, विमा नाही, आजारी पडायला रजा नाही.

शारदा पहिल्यांदा आली ती खाजेचं मलम मागायला. डोंबिवली पूर्वेच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये तिचा नवरा टेकबहादूर वॉचमन होता. पंपाच्या खोलीला लागून एक खोली त्यांना दिलेली होती. मी नाव विचारलं तर म्हणाली, "कांची लिहा."

"खरं नाव सांग गं."

"शारदा." मग हसली. "कांची म्हणजे धाकटी, दीदी. मी तर बहिणींत सगळ्यात मोठी आहे. पण सगळ्या बाया कांचीच बोलतात."

तिचं मराठी मराठी घरांच्या स्वयंपाकघरांत तयार झालेलं होतं. 'दूध उतू गेलं' म्हणताना अस्सल डोंबिवलीकर वाटायची आणि पुढच्याच वाक्यात अडखळायची. नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा नेपाळात डोंगरातल्या गावी आजीकडे होते.

सिस्टरने बीपी घेतलं. दोनशे दहा आणि एकशे वीस. मशीन बिघडलं असं वाटून तिने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. तेवढंच आलं. मग डॉक्टर मंजिरी एकेक विचारत गेल्या. सकाळी मळमळतं? हो, दात घासताना उलटी होते. तोंडाला चव? "लोखंड चाटल्यासारखी." सकाळी डोळ्यांखाली सूज? हो. डोकं दुखतं? इथे ती अशी बघायला लागली, जणू तिला पाय आहेत का म्हणून विचारलं होतं. मुलाच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून डोकं दुखायचंच. त्या वेळी पायही सुजले होते. तेव्हापासून जवळजवळ रोज ती औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी घेत होती. सहा वर्षं.

वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. ते आतल्या आत किडन्या खात राहतं आणि वर या गोळ्या किडन्यांवरच उठतात. शारदाचं बीपी सहा वर्षांत एकदाही कुणी मोजलं नव्हतं. ती ज्या चार घरांत कामाला जायची त्यांतल्या तीन घरांत बीपीचं मशीन होतं. ती त्यावरची धूळ पुसायची.

पुढच्या गुरुवारी, तो रिपोर्ट आला त्या दिवशी, टेकबहादूर युनिफॉर्ममध्येच आला, टोपी काखेत धरून. डॉक्टर मंजिरींनी त्याला हिंदीत नीट सांगितलं. दोन्ही किडन्या काम करत नाहीत. किडन्यांचं काम मशीनने करावं लागेल, त्याला डायलिसिस म्हणतात. शरीरातलं रक्त नळीवाटे मशीनमध्ये जातं, तिथे धुतलं जातं आणि परत येतं. एका वेळी चार तास. आठवड्यातून दोनदा तरी, खरं तर तीनदा.

"कितने दिन?" त्याने विचारलं.

डॉक्टर मंजिरी क्षणभर थांबल्या. त्या थांबल्या आणि मला ते सहन झालं नाही. मी मध्ये बोलले. "घबराओ मत. डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. माझे मिस्टर पाच साल जिये. बाजारात जायचे, नाटकाला जायचे, सगळं करायचे."

त्या दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या घटकेपासून त्यांचा डॉक्टरांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास बसला. मी खोटं बोलले नव्हते. पण मिस्टर पाच वर्षं कशाच्या जोरावर जगले, हे मी सांगितलं नाही. त्या वेळी माझ्या मनातही ते आलं नाही.

त्याच दुपारी आम्ही तिला कल्याणच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. गाडीनेच. बाकीच्या पेशंटना सिस्टरने पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं.

इस्पितळातल्यांनी चांगलं केलं, हे आधी सांगायला हवं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं. ते जास्त वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यांनी कागदपत्रं न विचारता तिला आत घेतलं. मानेतल्या मोठ्या शिरेत कॅथेटर घातला, म्हणजे दोन तोंडांची एक नळी. पहिलं डायलिसिस दोनच तासांचं केलं. हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं, म्हणून रक्त दिलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. नव्याने बिघडलेली किडनी कधीकधी सुधारते. आकसलेली सुधारत नाही.

पाच दिवसांनी डिस्चार्जची वेळ आली तेव्हा तिथले किडनीचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इमर्जन्सी आम्ही केली. पण कायमच्या डायलिसिसच्या आमच्या सगळ्या पाळ्या भरलेल्या आहेत. सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर विचारून बघा."

योजनेच्या खिडकीवर मी तीन दिवस गेले. तिथल्या बाई समजूतदार होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी रेशनकार्ड मागितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, दुसऱ्या राज्याचं कार्ड असेल तरी आणा, काहीतरी मार्ग काढू. टेकबहादूरने पाकिटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं नेपाळचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र काढून दिलं. बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि कुणालातरी विचारायला आत गेल्या. तिसऱ्या दिवशी मला एकटीलाच आत बोलावून म्हणाल्या, "काकू, ही कुठल्याही राज्यातली असती तरी मी धडपड केली असती. ही देशाबाहेरची आहे. कॉम्प्युटरमध्ये तिच्यासाठी रकानाच नाही."

टेकबहादूर बाहेर बाकावर बसला होता. गेली अकरा वर्षं तो इथल्याच बिल्डिंगा राखत होता. मी बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावरूनच त्याने ओळखलं.

मग डॉक्टर मंजिरींनी फोनाफोनी केली. विठ्ठलवाडीजवळ एका ट्रस्टचं छोटं डायलिसिस सेंटर होतं, तिथे दोन महिन्यांची सवलत मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची पाळी. दोन महिन्यांत पुढची काहीतरी सोय करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, दोन महिने खूप झाले.

ते पहिले काही आठवडे मला अजून आठवतात, कारण ती सुधारत होती. डायलिसिसने विष बाहेर पडलं की माणूस कसा फुलतो, हे मी आधी पाहिलं होतं. उलट्या थांबल्या. खाज कमी झाली. तोंडाला चव आली आणि तिने पहिली मागणी केली ती बटाट्याच्या भाजीची. मी तिला शिकवलं: बटाटा बारीक चिरायचा, दोन-तीन तास पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकडायचा आणि तेही पाणी फेकायचं. असं केल्याने पोटॅशियम कमी होतं. केळं नाही, नारळपाणी तर अजिबात नाही. आजाऱ्याला नारळपाणी द्यायची आपल्याकडे सवय असते. किडनीच्या पेशंटला त्यानेच जीव जाऊ शकतो.

पाणी मोजून. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला एक लिटरच्या आत. लघवी होत नसली की प्यायलेलं पाणी अंगातच राहतं आणि शेवटी फुप्फुसात चढतं. शारदाने हे सगळं ऐकलं, पाळलं, पण पाण्याचं तिला फार जड गेलं. "आमच्या घरामागे झरा आहे, दीदी," ती म्हणायची. "लहानपणी तोंड लावून प्यायचो."

मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ती गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळायची, नळी दिसू नये म्हणून. मुलीने एकदा विचारलं, तिकडे थंडी आहे का? ही म्हणाली, हो, खूप. तेव्हा एप्रिल चालू होता.

सेंटरच्या बाहेरच्या बाकांवर आम्ही नातेवाईक बसायचो. तिथे सगळे एकमेकांना वारावरून ओळखतात. मंगळवारवाले, शुक्रवारवाले. एखाद्या मंगळवारी एखादी खुर्ची रिकामी दिसते आणि कुणी काही विचारत नाही. शारदाच्या शेजारच्या मशीनवर एक निवृत्त मास्तर असायचे. त्यांनी तिला सांगितलं होतं, "पोरी, मशीन चालू असताना झोपायचं नाही, गप्पा मारायच्या. म्हणजे चार तास आपले, मशीनचे नाहीत." ती त्यांना त्यांच्या बायकोच्या हातच्या थालीपिठाबद्दल विचारत राहायची.

मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही. जंतुसंसर्ग होतो. म्हणून हातात फिस्टुला करतात. छोटं ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात, मग ती शीर फुगते आणि सहाएक आठवड्यांनी तिच्यातून डायलिसिस करता येतं. शारदाच्या डाव्या हाताला तो केला. फिस्टुला चालू असला की त्यावर बोटं ठेवल्यावर बारीक थरथर लागते. मिस्टरांच्या हातावर मी पाच वर्षं रोज सकाळी बोटं ठेवून ती थरथर पाहत होते. शारदालाही सवय लावली. ती म्हणाली, "मांजर झोपल्यावर करते तसं वाटतं."

फिस्टुला केल्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात डायलिसिस चालू असताना तिचं बीपी एकदम खाली गेलं. शुद्ध हरपल्यासारखी झाली, मग सावरली. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. "दीदी, मांजर बोलत नाही."

मी रिक्षा करून गेले. तिच्या खोलीत पलंगावर बसून तिच्या मनगटावर बोटं ठेवली. काही नव्हतं. बोटं सरकवली, दाबली, उचलून पुन्हा ठेवली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी माझाच श्वास रोखून धरला, कारण मला माझ्याच बोटांतली नाडी लागत होती आणि ती तिची वाटत होती. फिस्टुला बंद पडला होता. रक्ताची गुठळी झाली की असं होतं. पुन्हा करायचा म्हणजे पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा सहा आठवडे. आणि सवलतीचे दिवस संपत आले होते.

टेकबहादूर डॉक्टर मंजिरींना म्हणाला, "मेरी एक निकाल लो. ब्लड ग्रुप एक ही है." त्या त्याला अर्धा तास समजावत होत्या. किडनी बदलायची तर परदेशी माणसाला वकिलातीचे कागद लागतात, कमिट्या असतात, ऑपरेशन असतं, आणि त्यानंतर जन्मभराची औषधं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मतलब, देना चाहूँ तो भी नहीं." पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही.

आता मला माझ्याबद्दल लिहायचं आहे. ते टाळता आलं असतं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

सवलत संपल्यावर पहिले तीन आठवडे मी माझ्या पेन्शनमधून सेंटरला पैसे दिले. मिस्टरांच्या मागे त्यांची एक ठेव बँकेत आहे. माझ्या म्हातारपणासाठी. मी बंगळुरूला मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, हे औषध नाहीये, दोन महिन्यांत संपायला. तू पाच वर्षं बघितलं आहेस. तू किती दिवस पुरशील? आणि उद्या तुला काही झालं तर?" तिचं चुकलं नव्हतं. तिच्या जागी मीही तेच बोलले असते. मी बँकेच्या दारापर्यंत दोनदा गेले. ठेव मोडली नाही.

मी ती मोडली असती तर शारदा किती जगली असती, हे मला कोणीही सांगू शकत नाही. डॉक्टर मंजिरी म्हणतात, हा हिशेब करू नका. मी रोज करते.

नेपाळमध्ये सरकारी इस्पितळात डायलिसिस फुकट होतं, हे डॉक्टर मंजिरींनीच शोधून काढलं. तिच्या गावापासून बसने एक दिवसावर एका शहरात मशीन होतं. शारदाला सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला. खराखुरा आनंद. "मुलं दिसतील," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तोच धागा धरला. हाच उत्तम मार्ग आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

निघायच्या दिवशी सकाळी तिचं पूर्ण चार तासांचं डायलिसिस केलं. तीन दिवस, फार तर चार दिवस निघतील, असं सेंटरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी हिंदीत मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून तिच्या पिशवीत ठेवला: ही डायलिसिसची पेशंट आहे, मानेतली नळी कुणीही उघडू नये, सलाईन लावू नये, श्वास लागला तर बसवून ठेवावं. निवृत्त मास्तर आपली पाळी संपल्यावरही तिच्यासाठी थांबले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कल्याण स्टेशनवर गाडी यायला अवकाश होता. ती बाकावर बसली होती, गळ्याला ओढणी, हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. त्यावर मी पेनने रेघा मारून दिल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिने मला विचारलं, "दीदी, तुमचे साहेब पाच वर्षं जगले ना? मी लहान आहे. मी दहा वर्षं जगेन?"

मी हो म्हटलं.

तिला आणि टेकबहादूरला त्या शहरात पोचायला चौथा दिवस उजाडला. हद्दीपलीकडे बस बंद होती. ती पोचली तेव्हा तिला दम लागला होता, तरी तिथल्यांनी लगेच घेतलं. पहिल्या दोन आठवड्यांत चारदा डायलिसिस झालं. मग तिथेही तेच. मशीनं मोजकी, माणसं फार, वेटिंग लिस्ट. इमर्जन्सी म्हणून आठवड्यातून एकदा मिळायचं, कधी दहा दिवसांनी. एवढ्यासाठी शहरात खोली घेऊन राहायचं, मुलं गावात, भेट नाही. टेकबहादूर फोनवर सांगायचा आणि मी डॉक्टर मंजिरींना सांगायचे आणि त्या मान हलवायच्या. मग तिला थंडी वाजून ताप यायला लागला. नळीत जंतू झाले होते. नळी काढली. दुसरी घालायची होती.

शारदाने ती घालू दिली नाही. गावी जायचं म्हणाली.

मी फोनवर तिला पुष्कळ समजावलं. रागावले सुद्धा. "अगं, नळी घातली नाहीस तर काय होईल कळतं ना तुला?" ती म्हणाली, "कळतं, दीदी. तुम्हीच सगळं समजावलं होतं ना." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा सुजलेला, रंग मातकट. ती अंगणात गोधडीवर भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगी तिची वेणी घालत होती. गळ्याला ओढणी नव्हती. "दीदी, झऱ्याचं पाणी प्याले," ती म्हणाली. "तांब्याभर. मोजलं नाही." मी तिला ओरडले नाही. मी विचारलं, कसं लागलं? ती म्हणाली, "थंड."

त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला फार श्वास लागला होता, हे टेकबहादूरने सांगितलं. ते त्याने सांगायला नको होतं, असं मला वाटतं. आणि सांगितलं नसतं तरी मला ठाऊक होतं.

यातून वाचणाऱ्याने काय घ्यावं, मला सांगता येत नाही. एवढं मात्र करा. तुमच्या घरात बीपीचं मशीन असेल तर घरी येणाऱ्या बाईचा दंड एकदा त्यात घाला. खालच्या वॉचमनचा घाला. रोज डोकं दुखतं म्हणून कुणी रोज गोळी खात असेल तर तिला दवाखान्यात न्या. नेपाळी असो, बिहारी असो, पहिल्या दिवशी बीपीची गोळी सगळ्यांना सारखीच लागू पडते. फरक नंतर पडतो.

मी अजून गुरुवारी गाडीवर जाते. केसपेपर लिहिते. आता मी कुणालाही माझ्या मिस्टरांचं उदाहरण देत नाही.

टेकबहादूर दोन महिन्यांनी परत आला. मुलांना आजीपाशी ठेवून. त्या कॉम्प्लेक्समध्ये दुसरा वॉचमन लागला होता, म्हणून त्याने जवळच्याच एका नव्या बिल्डिंगवर काम धरलं. एका गुरुवारी तो गाडीपाशी आला. रांग संपेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग पायऱ्या चढून आत आला. फडक्यात बांधलेली एक तुपाची बरणी त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

"घर का है. उसने बोला था, दीदी को देना." मग हात जोडून म्हणाला, "आपने बहुत किया, दीदी. अपना कोई नहीं करता इतना."

डॉक्टर मंजिरी खाली उतरल्या. आम्ही दोघंच होतो. मला ते हात बघवेनात. मी म्हटलं, "टेकबहादूर, मेरे पास पैसा था. बँक में. मी नाही दिला."

त्याने टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मालूम था, दीदी. साहब कंपनी में थे, कुछ तो रखा होगा," तो म्हणाला. "मैं माँगने वाला था. शारदा ने मना किया. बोली, दीदी अकेली है, उनको भी कल कुछ होगा, तो कौन करेगा."

मग ड्युटीची वेळ झाली म्हणून तो गेला. सिस्टर वर आली, तिने बरणी पाहिली आणि कुणी दिली म्हणून विचारलं. मी म्हटलं, "शारदाने."